भूसंपादनाचा मोबदला आईच्या नावाने दुसरीच बाई उचलून गेली; दाद कोणाकडे मागावी?

काळीमाती (प्रश्न)

नमस्कार. मराठवाड्यातल्या आमच्या आजोळच्या शिवारातून राष्ट्रीय महामार्ग जात असून आजोबांच्या गटातील काही क्षेत्र त्यात गेले आहे. आजोबांच्या पश्चात वारसनोंद झाली तेव्हा दोन्ही मामांबरोबर आईचे नावही सातबाऱ्याला लागले. मात्र ते माहेरच्या नावाने, म्हणजे तिचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असे लागले. आई लग्न झाल्यापासून डोंबिवलीला राहते आणि तिचे आधार, पॅन, बँकेचे पासबुक, मतदार ओळखपत्र हे सारे सासरच्या नावाने आहे.

तिच्या हिश्श्याची रक्कम ४२ लाखांच्या आसपास निघते, असे निवाड्याच्या यादीवरून समजले. नोटीस गावच्या पत्त्यावर गेली असणार. आमच्यापर्यंत ती आली नाही. गेल्या महिन्यात मी सक्षम प्राधिकाऱ्यांच्या (संपादन आणि मोबदल्याचे वाटप पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) कार्यालयात चौकशीला गेले, तेव्हा लिपिकांनी वाटपाचे रजिस्टर उघडून तुमच्या आईंचे पैसे फेब्रुवारी २०२५ मध्येच खात्यावर जमा झाले आहेत, असे सांगितले. बरीच विनवणी केल्यावर नस्ती (फाइल) पाहू दिली. तीत आईच्या माहेरच्या नावाच्या आधारकार्डाची झेरॉक्स आहे, पण त्यावरचे छायाचित्र आम्ही कधीही न पाहिलेल्या एका बाईचे आहे. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर हमीपत्र आहे आणि त्याखाली डाव्या हाताचा अंगठा उमटवलेला आहे. माझी आई सातवी शिकलेली असून प्रत्येक कागदावर स्वतः सही करते. पैसे ज्या खात्यावर गेले ते शेजारच्या तालुक्याच्या गावी असलेल्या एका बँकेतले आहे. त्या बँकेशी आमचा कधीही संबंध आलेला नाही.

हे सारे दाखवूनही कार्यालयाचे म्हणणे एकच आहे की, रक्कम यादीतील नावानेच दिली गेली असल्यामुळे आमचे काम संपले, आता हा तुमच्या घरातल्या वाटपाचा वाद आहे आणि तो तुम्ही दिवाणी न्यायालयात सोडवून घ्यावा. हे म्हणणे बरोबर आहे का? आधी पोलिसांत जावे की जिल्हाधिकाऱ्यांकडे? शासनाने आईला ही रक्कम पुन्हा द्यावी, असे मागता येते का? आणि सातबाऱ्यावरची बाई म्हणजे आमची आईच, हे आम्ही नेमके कशाने सिद्ध करावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना महसुली

ताई, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो असल्यामुळे अशी नस्ती कशी तयार होते याची मला कल्पना आहे. सातबाऱ्यावर खातेदाराचे फक्त नाव असते. छायाचित्र, जन्मतारीख किंवा सही यांपैकी तिथे काहीच नसते. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमातील कलम ३ए ची संपादनाच्या इराद्याची अधिसूचना, संयुक्त मोजणी आणि ३डी ची संपादनाची घोषणा होईपर्यंत सगळा कारभार गट नंबर आणि क्षेत्राचा असतो, त्यामुळे खातेदार प्रत्यक्षात कोण आहे हे कोणी विचारत नाही. ३जी चा, म्हणजे मोबदल्याची रक्कम ठरवणारा, निवाडा होऊन पैसे जमा झाले की यादीतल्या नावासमोर माणूस उभा करायची वेळ येते, आणि ती एकाच टेबलावर, कागदांची पाकिटे घेऊन आलेल्या खातेदारांच्या गर्दीत, ‘मार्चअखेरपर्यंत वाटप संपवा’ असे वरून फोन येत असताना येते. तिथे ओळख ठरते ती आधारची झेरॉक्स, तलाठ्याचा किंवा पोलीस पाटलाचा दाखला आणि हमीपत्रावर ओळखदार म्हणून सही करणारे दोघेजण, एवढ्यावरच. झेरॉक्स कोणत्याही केंद्रात हवी तशी तयार करून मिळते. उरलेल्या दोन्ही गोष्टी गावातल्या माणसांच्या हाती असतात. कोणत्या खातेदाराने अजून पैसे उचललेले नाहीत, कोण मुंबईकडे आहे आणि कोणाचे नाव माहेरचे लागले आहे हे परक्याला कळत नाही, त्यामुळे गावातला कोणी माहीतगार सामील असल्याशिवाय तोतया बाई त्या टेबलापर्यंत पोहोचत नाही असे मी अनुभवाने म्हणतो.

परगावी दिलेल्या लेकी, वारसनोंद न झालेले मयत खातेदार आणि नोकरीनिमित्त बाहेर गेलेली भावंडे, हीच नावे अशा टोळ्या यादीतून हेरतात. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाच्या मोबदल्यात भिवंडी तालुक्यात खऱ्या मालकांच्या जागी दुसरी माणसे उभी केल्याचे गुन्हे नोंदले गेले आणि अटकाही झाल्या, तेव्हा आपल्या गावच्या लोकांनी हे विरळा प्रकरण समजू नये.

आता तुम्ही सर्वांत आधी काय करावे, तर भांडण बाजूला ठेवून कागद हाताशी घ्यावेत. नस्ती तुम्हाला एकदा पाहू दिली म्हणजे ती पुढच्या खेपेस जागेवर असेलच असे नाही. आईंच्या सहीने अर्ज देऊन ३जी च्या निवाड्याची यादी, हमीपत्र, त्याला जोडलेली ओळखपत्रे, तलाठ्याचा दाखला, बँक तपशिलाचा कागद आणि रक्कम वितरणाचा आदेश यांच्या प्रमाणित नकला मागाव्यात, आणि त्याच दिवशी माहितीच्या अधिकाराखाली वेगळा अर्जही टाकावा. त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक असते. अर्जात पानांची संख्या आणि नस्तीचा क्रमांक नमूद करा, म्हणजे पुढे एखादे पान गहाळ झाले तर ते कधी गहाळ झाले हे कळेल. राष्ट्रीय महामार्गाची संपादने २०१८ पासून भूमी राशी या प्रणालीवर चालतात आणि ती केंद्राच्या देयक प्रणालीशी जोडलेली आहे, त्यामुळे कोणाच्या नावाने, कोणत्या खात्यावर, कोणत्या तारखेला रक्कम गेली याची नोंद कार्यालयातील कपाटावर अवलंबून राहत नाही.

दुसरे असे की, हमीपत्राचा मुद्रांक उलटा करून पाहा. मागच्या बाजूला मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, तारीख, घेणाऱ्याचे नाव आणि कोणाच्या हस्ते घेतला ते नाव असते. ‘हस्ते’ या रकान्यातला माणूस बहुतेक वेळा खरा सूत्रधार किंवा त्याचा पोऱ्या असतो, कारण तोतया बाई स्वतः मुद्रांक घ्यायला जात नाही. विक्रेत्याच्या रजिस्टरमध्ये त्याची सही असते. हमीपत्र नोटरीपुढे झाले असेल तर नोटरीच्या रजिस्टरमध्येही त्या दिवशीची नोंद असायला हवी. ती नसेल तर तेही पुराव्यातच जमा होते.

तिसरे, आईंच्या ओळखीचे. आईंचा माहेरच्या नावाचा शाळा सोडल्याचा दाखला गावच्या शाळेतून काढा. तो नसेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. त्याच्या जोडीला लग्नाचा पुरावा, आजोबांच्या जुन्या शिधापत्रिकेवरील नावे आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र द्या. पण यांहून बळकट कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात पडलेला असू शकतो, तो म्हणजे वारसनोंदीच्या फेरफाराची मूळ कागदपत्रे. त्या वेळी तलाठ्याने वारसांचे जबाब घेतले असतील आणि आईंनी जबाबावर सही केली असेल, तर सातबाऱ्यावर जिचे नाव लागले ती बाई सही करणारी होती हे शासनाच्याच कागदावरून सिद्ध होते, आणि मोबदला नेणारी अंगठा करणारी निघते. असा विरोधाभास कोणत्याही अधिकाऱ्याला सहज झटकता येत नाही.

पारावरून

एवढ्या कज्जेदलालीत पडण्यापेक्षा गावात चार माणसे बसवून पैसे परत घेणे सोपे नाही का? कोर्टात गेलात तर आईच्या हयातीत निकाल लागेल याची शाश्वती नाही. आमच्या भागात एका प्रकरणात निम्मी रक्कम परत देऊन मिटवले गेले आणि दोन्हीकडून संमतिपत्र झाले.

काळा कोट

वरील सल्ला सद्हेतूने दिलेला असला तरी संमतिपत्राबाबत सावध राहावे. पैसे परत मिळत असतील तर ते बँकेमार्फत घेण्यास हरकत नाही. पण ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही’ किंवा ‘सदर रक्कम आमच्या संमतीने उचलली होती’ असे एक वाक्य जरी आईंच्या सहीने लिहून गेले, तरी उरलेल्या रकमेवरचा शासनाविरुद्धचा हक्कही त्याबरोबर जातो. शिवाय मूल्यवान दस्तऐवज खोटा बनवण्याचा गुन्हा आपसांत मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांमध्ये मोडत नाही, हे गावच्या बैठकीत कोणी सांगत नाही.

आता मूळ प्रश्न. कार्यालयाने सांगितलेला दिवाणी न्यायालयाचा मार्ग कायद्यात आहे, पण तो वेगळ्या वादासाठी आहे, आणि या प्रकरणाचे सगळे यशापयश हा भेद पहिल्या अर्जात किती स्पष्टपणे मांडला जातो यावर ठरेल. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३एच (४) नुसार रकमेच्या विभागणीबद्दल वाद निर्माण झाला तर सक्षम प्राधिकाऱ्याने तो प्रमुख दिवाणी न्यायालयाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा न्यायालयाकडे, पाठवायचा असतो. उत्तर प्रदेशातील मऊ जिल्ह्याच्या एका प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही असा विभागणीचा वाद महसुली अधिकाऱ्याने स्वतः निकाली काढू नये असे सांगितले. भाऊ म्हणतो बहिणीने हक्क सोडला आहे आणि बहीण म्हणते सोडलेला नाही. सातबाऱ्यावर एकत्र कुटुंबाचा पुढारी म्हणून एकाचेच नाव आहे आणि बाकीचे भाऊ हिस्सा मागतात. दुसऱ्या बायकोची मुले पुढे येतात, हे सारे विभागणीचे वाद होत. त्यांत दोन्ही बाजू खऱ्या असतात आणि कोणाला किती एवढेच ठरवायचे असते.

आपल्या आईंच्या बाबतीत हिस्सा ठरलेला आहे, यादीत तिचे नाव आहे आणि त्या हिश्श्यावर दुसऱ्या कोणी हक्क सांगितलेला नाही. नस्तीतली बाई ‘मला यातला वाटा द्या’ असे म्हणत नसून ‘मीच ती’ असे म्हणते आहे. त्यामुळे इथे वाटणीचा वाद मुळातच नाही. कलम ३एच (२) प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याने केंद्र शासनाच्या वतीने रक्कम हक्कदार व्यक्तीला द्यायची असते. ती हक्कदार नसलेल्या व्यक्तीला दिली असेल तर माझ्या मते हे कर्तव्य अद्याप पार पडलेले नाही. यावर शासनाकडून असा युक्तिवाद होईल की, आम्ही कागद पाहून सद्भावनेने पैसे दिले, तेव्हा ज्याने नेले त्याच्याकडून वसूल करा. उच्च न्यायालयात रिट याचिका केल्यास न्यायालय काय पाहील, तर ओळख पटवताना कार्यालयाने किमान काळजी घेतली होती की नाही. सही करणाऱ्या खातेदाराच्या जागी अंगठा, नुकतेच उघडलेले खाते, नोटरीची नोंद नाही, असे मुद्दे कागदावर आलेले असतील तर याचिकेला वजन येते. ते नसतील तर ‘वस्तुस्थितीचा वाद आहे, दिवाणी दावा करा’ असा आदेश होण्याचा धोका राहतो. म्हणून वर जुना महसुली यांनी सुचवलेले कागद आधी मिळवावेत आणि मगच याचिकेचा विचार करावा.

तोपर्यंत सक्षम प्राधिकाऱ्यांकडे आईंच्या सहीचा लेखी तक्रारअर्ज द्या, त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि महामार्गाच्या प्रकल्प संचालकांना द्या, कारण पैसा त्यांच्या यंत्रणेचा आहे. अर्जात ‘वाटप’, ‘हिस्सा’, ‘कौटुंबिक वाद’ हे शब्द कोठेही येऊ देऊ नका. कलम ३आय नुसार सक्षम प्राधिकाऱ्याला साक्षीदारांना समन्स काढणे, शपथेवर तपासणे, कागद हजर करवून घेणे यांबाबत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, तेव्हा ‘आमच्या हातात काही नाही’ हे उत्तर ग्राह्य नाही. ती बाई, तिचे ओळखदार आणि दाखला देणारा या सर्वांना बोलावण्याची मागणी याच कलमाचा उल्लेख करून करावी. त्याच अर्जात आणखी एक मागणी ठळकपणे करा की, रक्कम पाठवणारे म्हणून प्राधिकाऱ्यांनी त्या बँकेला तात्काळ पत्र द्यावे. तुमच्या पत्रावर बँक दुसऱ्याच्या खात्याची माहिती देणार नाही आणि खाते गोठवणारही नाही, पण पैसे ज्यांनी पाठवले त्यांनी ‘चुकीच्या व्यक्तीला गेले’ असे कळवले तर शाखाधिकाऱ्याला ते पत्र बाजूला ठेवता येत नाही.

पोलिसांकडील तक्रार याच्याबरोबरच करायची आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल येईपर्यंत थांबू नका, कारण खात्यातले पैसे थांबत नाहीत. घटना १ जुलै २०२४ नंतरची असल्यामुळे भारतीय न्याय संहिता लागू होते. तोतयेगिरी करून केलेली फसवणूक कलम ३१९ मध्ये, मालमत्ता द्यायला लावणारी फसवणूक ३१८ (४) मध्ये, मूल्यवान दस्तऐवजाचे बनावटीकरण ३३८ मध्ये आणि खोटा कागद खरा म्हणून वापरणे ३४० मध्ये येते. यांपैकी ३३८ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आधार कायद्यातही दुसऱ्याच्या नावाने वावरण्याबद्दल स्वतंत्र कलम आहे. आईंना प्रवास झेपत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे डोंबिवलीच्या ठाण्यातही खबर देता येते, हद्दीच्या कारणाने ती नाकारता येत नाही. ती पुढे संबंधित ठाण्याकडे वर्ग होते. ठाण्याने दाद दिली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा आणि तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. खाते गोठवण्यासाठी पावले उचलण्याची विनंती फिर्यादीतच लिहावी.

अंगठ्याबद्दल एक सांगतो. सहीच्या तज्ज्ञ अहवालावर न्यायालयात वर्षानुवर्षे उलटतपासणी चालते, अंगठ्याच्या ठशावर तशी चालत नाही. सही येते की नाही याची परीक्षा टळावी म्हणून त्या मंडळींनी अंगठा पसंत केला, आणि त्याच घाईत त्या बाईचा सर्वांत पक्का पुरावा स्वतःच शासनाच्या नस्तीत लावून ठेवला. ठसा पुसट व्हायच्या आत मूळ हमीपत्र पोलिसांनी ताब्यात घ्यावे, एवढे मात्र मागून घ्या.

शिवेवरचा

आमच्याकडे संपादन न होता थेट खरेदीने जमीन गेली, म्हणजे निवाडा न होता शासनाच्या नावे खरेदीखत नोंदवले गेले. तिथे माझ्या चुलत आजोबांच्या नावाने कुलमुखत्यारपत्र दाखवून व्यवहार झाला, आणि त्या मुखत्यारपत्रावर जी तारीख होती त्या तारखेला आजोबांना जाऊन आठ वर्षे झाली होती. ग्रामपंचायतीचा मृत्यूदाखला लावून आम्ही तक्रार केली. थेट खरेदीत एक गोष्ट बरी असते की, दुय्यम निबंधकापुढे लिहून देणाऱ्याचे छायाचित्र आणि अंगठा घेतला जातो आणि ओळखदारांचीही नोंद राहते, त्यामुळे माणूस शोधायला जागा राहते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ८२ मध्ये निबंधकापुढे तोतयेगिरी करणे हा वेगळा गुन्हा आहे आणि आमची फिर्याद त्यावरच टिकली.

आणखी एक. तलाठी आणि कार्यालयातील कर्मचारी यांची नावे आम्ही पहिल्याच अर्जात आरोपी म्हणून घातली आणि चौकशी दोन पावले मागे गेली, कारण मग प्रत्येक जण आपापल्या माणसाला वाचवू लागला. तुम्ही आधी ‘अनोळखी महिला, तिचे ओळखदार व इतर’ एवढेच लिहा आणि दाखला कोणी दिला ते कागदच बोलू द्या, असे सुचवतो.

काळीमाती

सर्वांचे मनापासून आभार. काल प्रमाणित नकला मिळाल्या. मुद्रांकाच्या मागे ‘हस्ते’ म्हणून एका नावाची नोंद आहे, तो गावातलाच एक झेरॉक्सवाला आहे. मात्र हमीपत्रावरील दोन ओळखदारांपैकी एक सही माझ्या थोरल्या मामांची आहे. आम्ही फोन केला तेव्हा मामा म्हणाले, माझ्या स्वतःच्या मोबदल्याच्या कागदांबरोबर चार-पाच ठिकाणी सह्या घेतल्या, कशावर घेतल्या ते मला माहीत नाही. आई आता फिर्याद नको म्हणते. पैसे गेले तरी चालतील, पण भावाचे नाव पोलिसांत जाऊ देणार नाही, असे तिचे ठाम म्हणणे आहे. शिवाय मामांची सही पाहिल्यापासून कार्यालयातले लोक ‘बघा, आम्ही म्हणत होतो ना, घरातलेच आहे’ असे म्हणू लागले आहेत. अशा वेळी काय करावे?

काळा कोट

कार्यालय असे म्हणणार हे अपेक्षितच होते, आणि बऱ्याच वेळा अशा हमीपत्रांवर घरातल्याच एखाद्याची सही मिळवली जाते ती याच हेतूने. पुढे बोंब झाली तर प्रकरण आपोआप घरगुती ठरते. परंतु नातेवाइकाने ओळखदार म्हणून सही केल्यामुळे तोतया बाई खातेदार होत नाही आणि तोतयेगिरीचे रूपांतर विभागणीच्या वादात होत नाही. मामांनी बहिणीच्या हिश्श्यावर स्वतःचा हक्क सांगितलेला नाही, तोवर ३एच (४) चा प्रश्नच उद्भवत नाही. उलट मामांनी तसे लेखी दिले, म्हणजे माझी बहीण डोंबिवलीला असते, ती सही करते, नस्तीतले छायाचित्र तिचे नाही आणि सदर रकमेवर माझा कोणताही हक्क नाही, असे प्रतिज्ञापत्र दिले, तर कार्यालयाच्या हातातला मुख्य युक्तिवाद निघून जातो.

मामा खरे बोलत असतील तर त्यांच्यासाठीही हेच हिताचे आहे. तपास उद्या ना परवा त्या सहीपर्यंत पोहोचणारच. तेव्हा पोलिसांनी त्यांना शोधून आणण्यापेक्षा त्यांनी आधी येऊन जबाब देणे आणि साक्षीदार म्हणून पुढे उभे राहणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. त्यांना स्वतंत्र वकील द्यावा. तुमचा वकील त्यांचा असू नये. ते खोटे बोलत असतील तर तेही प्रतिज्ञापत्र देण्याच्या वेळी कळेल, कारण अशी माणसे कागदावर यायला तयार होत नाहीत. आईंना एवढेच सांगा की, फिर्याद त्या बाईविरुद्ध आणि खोटे कागद करणाऱ्यांविरुद्ध द्यायची आहे, भावाविरुद्ध नव्हे. आरोपी कोण हे तपासात ठरते. मात्र फिर्यादीसोबत जोडायच्या हमीपत्राच्या प्रतीतील कोणाचेही नाव खोडू नका, ते केल्यास तुमचीच फिर्याद संशयास्पद ठरेल.

रक्कम परत मिळण्याबाबत मुदतीची भीती सध्या नाही. फसवणुकीच्या दाव्यात मुदत कायद्याच्या कलम १७ प्रमाणे फसवणूक कळल्यापासून काळ मोजला जातो, आणि तुम्हाला ती कार्यालयात नस्ती पाहिली तेव्हा कळली. त्या भेटीचा लेखी पुरावा म्हणून पहिल्या अर्जाची पोच जपून ठेवा. धरण-कालव्यासाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संपादन झाले असेल तर कलम ७७ मध्ये, ज्याने मोबदला घेतला त्याने तो खऱ्या हक्कदाराला देण्याची जबाबदारी कायम राहते, असे स्पष्ट परंतुक आहे आणि कलम ८४ मध्ये खोटी माहिती किंवा खोटा कागद देण्याला शिक्षाही आहे. हे वाचणाऱ्या अशा प्रकल्पग्रस्तांनी त्या कलमांचा आधार घ्यावा. महामार्ग अधिनियमात तसे शब्द नाहीत, म्हणून तुमच्या बाबतीत चुकून दिलेली रक्कम परत करण्याचे करार अधिनियमाचे कलम ७२ आणि हमीपत्रातला परतफेडीचा मजकूर, यांवर शासनाने त्या बाईकडून वसुली करावी आणि तुम्ही शासनाकडून आपली रक्कम मागावी, अशी मांडणी ठेवावी लागेल.

जुना महसुली

दोन गोष्टी राहिल्या. पहिली, निवाड्याची रक्कम कमी वाटल्यास ३जी (५) खाली लवादाकडे वाढीव मोबदला मागता येतो आणि तो मंजूर झाला तर जादा रकमेवर ९ टक्के व्याज मिळू शकते. तुमच्या गावातील बहुतेक खातेदारांनी असे अर्ज टाकले असतील. आईंच्या नावानेही लवादाकडे एखादा अर्ज पडला आहे का, हे लवादाच्या कार्यालयात आधी तपासा, कारण पहिली रक्कम उचललेली टोळी दुसऱ्या रकमेची वाट पाहत असते आणि तिथे वकीलपत्रावरचा अंगठाही तोच निघू शकतो. तसा अर्ज असेल तर आईंच्या नावाने तिथे हरकत दाखल करून या प्रकरणाच्या नकला जोडा.

दुसरी, संपादनानंतर उरलेल्या क्षेत्राचे कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातील बदलाचा कागद) होऊन नवा सातबारा तयार झाला असेल. तो काढून आईंचे नाव त्यावर कायम आहे की हक्कसोड, बक्षीसपत्र असा काही फेरफार मध्येच घातला गेला आहे, ते पाहून घ्या. असा फेरफार अद्याप प्रमाणित झालेला नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे नोटिशीच्या १५ दिवसांत तलाठ्याकडे हरकत घेता येते, आणि प्रमाणित झाला असेल तर कलम २४७ खाली प्रांताकडे अपील करावे लागते. गट अजून वाटून न घेतलेला असेल तर माहेरच्या नावापुढे पतीचे नाव लावून घेण्याचा अर्जही याच वेळी द्या. शाळेच्या दाखल्यासह तो दिलात तर मंडळ अधिकाऱ्याला अडवायला फारसे कारण उरत नाही.